प्रोटेक्शन ऑर्डर कशी मिळाली, जसं झालं तसं

पहिल्यांदा पोलीस स्टेशनला गेले तेव्हा मला नक्की काय हवंय हेच मला सांगता येत नव्हतं. ड्युटीवरच्या साहेबांनी विचारलं, "ताई, काय करायचं मग? उचलून आणू का त्याला?" आणि मी पटकन नको म्हणाले. खरंच नको होतं. नवऱ्याला आत टाकायचं नव्हतं, घटस्फोटाचा तर तेव्हा विचारही नव्हता, त्याने हात उचलणं थांबवावं एवढंच हवं होतं. साहेब म्हणाले मग समज देतो. एनसी लिहून घेतली, म्हणजे अदखलपात्र तक्रार, कागद हातात दिला आणि फोन लावून त्याला चार शब्द सुनावले. त्या चार शब्दांची वसुली रात्री घरी कशी झाली ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी एका सकाळी तो कामावर गेल्यावर लेकीचं दप्तर, दोन जोड कपडे आणि फोनचा चार्जर घेऊन ताईकडे आले. मार्कशीटा, आधार, पासबुक, लेकीचा जन्मदाखला सगळं तिकडेच कपाटात राहिलं. आणि एक मूर्खपणा म्हणजे माझं जीमेल त्याच्या लॅपटॉपवर लॉगिन होतं, त्यामुळे मी कुठे आहे हे त्याला संध्याकाळपर्यंत कळलं होतं. ताईच्या मिस्टरांनी पहिलं काम काय केलं तर माझे सगळे पासवर्ड बदलायला लावले आणि लोकेशन बंद केलं. बाहेर पडणाऱ्या कुणालाही मी आता पहिलं हेच सांगते.

प्रोटेक्शन ऑर्डर हा शब्द मी ऐकला तो १८१ वर फोन केला तेव्हा. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं की तुम्हाला त्याला शिक्षा करायचीय की त्याला लांब ठेवायचंय. मी म्हटलं लांब ठेवायचंय. मग म्हणाल्या, डीव्हीचा अर्ज करा. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला. अर्ज मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात जातो पण तुम्ही शिक्षा मागत नाही, आदेश मागता, की याने हे हे करू नये. आदेश मोडला तर मग तो गुन्हा. म्हणजे पहिल्या दिवशी त्या टेबलासमोर उभी राहून मला जे मागायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते ते कायद्यात तयारच होतं! आणि याच कायद्याच्या कलम ५ मध्ये असंही आहे की बाई तक्रार घेऊन आली की असा अर्ज करता येतो, संरक्षण अधिकारी असतात, फुकट वकील मिळतो हे पोलिसांनी तिला सांगायचं असतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. असो.

संरक्षण अधिकारी, सगळे पीओ मॅडम म्हणतात, त्यांचं ऑफिस म्हणजे एक खोली, तीन टेबलं, आणि फायलींचे गठ्ठे इतके की समोरच्या बाईचा फक्त चेहरा दिसावा. एक फॉर्म असतो, डीआयआर, घरात काय काय घडलं त्याचा अहवाल. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक असे भाग आणि प्रत्येकाखाली यादी, जे झालं त्यावर खूण करायची. मला वाटलं होतं मी फक्त पहिल्या भागात खुणा करणार. आर्थिकच्या यादीत पगार काढून घेणे असं वाचलं आणि पेन थांबलं माझं. माझं एटीएम कार्ड लग्नापासून त्याच्याकडे होतं, मला रोजच्या बसचे पैसे मोजून मिळायचे आणि मी याला आठ वर्षं "ते व्यवहार तेच बघतात" असं म्हणत होते.

मग मॅडम म्हणाल्या घटना सांगा. मी म्हटलं, मारतो. "मारतो असं नका सांगू. कधी, कुठे, कशाने, तेव्हा घरात कोण होतं, नंतर डॉक्टरकडे गेलात का." मला एकही तारीख आठवेना. अंगावरचं सगळं आठवत होतं, कुठल्या खोलीत, पंखा चालू होता की बंद, पण तारीख नाही. मॅडमनी वही घ्यायला सांगितली, घरी जा, फोनची गॅलरी उघडा आणि उलट जात या. तीन रात्री तेच केलं. लेकीच्या शाळेच्या स्पोर्ट्स डेचा फोटो, भर उन्हात मी लांब बाह्यांचा ड्रेस घातलेला, म्हणजे त्याच्या आदल्या दिवशी दंड धरून पिरगाळला होता तो. भाचीच्या वाढदिवसाच्या सगळ्या फोटोत मी एका बाजूनेच उभी. मग ऑफिसला टाकलेल्या रजांचे मेल, ताईला केलेले आणि लगेच डिलीट केलेले मेसेज, ते माझ्याकडून गेले होते पण ताईच्या फोनमध्ये होते. असं करत करत अकरा घटनांच्या तारखा निघाल्या. बाकीच्यांना "साधारण अमुक महिन्यात" असं लिहिलं आणि तेही चालतं, फक्त खोटी तारीख टाकू नका, उलटतपासणीत तीच धरतात.

यात एक कागद असा होता की तो दाखवायची मला लाज वाटत होती. मनगटाचा एक्सरे. डॉक्टरांच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय, बाथरूममध्ये पाय घसरून पडल्यामुळे. कारण मीच तसं सांगितलं होतं, नवरा शेजारच्या खुर्चीवर बसलेला होता तर काय सांगणार होते! मला वाटलं हा कागद लपवावा. वकील मॅडम म्हणाल्या बिलकुल नाही, तो कागद आपणच लावायचा आणि ॲफिडेव्हिटमध्ये आपणच लिहायचं की तेव्हा मी खोटं सांगितलं आणि का सांगितलं. समोरच्याने काढून दाखवला तर आपण खोटारड्या, आपणच दाखवला तर तो पुरावा.

या वकील मॅडम विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेल्या. बाईला पगार कितीही असला तरी तिथून मोफत वकील मिळतो हे मला माहीत नव्हतं. त्याआधी ओळखीतल्या एका वकिलांकडे गेले होते, त्यांचं म्हणणं सासू, सासरे, नणंद, तिचा नवरा सगळ्यांना ओढा, प्रेशर येतं. आता कायद्याने बायकांविरुद्धही अर्ज करता येतो, २०१६ ला सुप्रीम कोर्टाने सज्ञान पुरुषाविरुद्धच ही अट काढून टाकली, ते बरोबरच झालं. पण माझी नणंद लांब राहते आणि दोनदा तिनेच मला दवाखान्यात नेलंय, तिचं नाव कसं घालू? सासूबाईंचं घातलं, कारण दाराला बाहेरून कडी त्यांनी लावली होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं जे मला वाटतं ते, अर्जातल्या मागण्या. मी माझ्या अक्षरात लिहून नेलं होतं, "पतीने मला व मुलीला त्रास देऊ नये." वकील मॅडमनी ते वाचून चष्मा काढला. "त्रास म्हणजे काय? उद्या तो तुमच्या ऑफिसच्या गेटसमोर नुसता उभा राहिला, एक शब्द बोलला नाही, तर तो त्रास की नाही? पोलीस म्हणतील रस्ता सगळ्यांचा आहे." मग कलम १८ समोर ठेवून एकेक ओळ केली. कुठलाही हिंसाचार करू नये, दुसऱ्याकडून करवू नये. माझ्या कामाच्या ठिकाणी आणि मुलीच्या शाळेत यायचं नाही. प्रत्यक्ष, फोन, मेसेज, मेल कुठल्याच प्रकारे संपर्क करायचा नाही आणि नातेवाइकांमार्फतही नाही. जॉइंट खात्यातले पैसे आणि माझं स्त्रीधन कोर्टाला विचारल्याशिवाय हलवायचं नाही. ताई आणि भाऊजींना धमक्या द्यायच्या नाहीत, कारण मला आसरा देणाऱ्यांसाठीही यात संरक्षण मागता येतं. ऑफिसचा आणि शाळेचा पूर्ण पत्ता टाकला, त्याचा नंबर टाकला, त्याच्या मावसभावाचाही टाकला कारण निरोप त्याच्याकडून यायचे. मला तेव्हा हे जरा अतीच वाटलं होतं.

राहायचं कुठे यावरही बोलणं झालं. घर सासऱ्यांच्या नावावर. मला वाटायचं मग आपला काय हक्क, पण सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालाने सासरच्या मंडळींच्या मालकीचं घरही सामायिक घर धरता येतं, बाईला तिथे राहायचा आदेश मागता येतो. मी नाही मागितला. त्या घरात परत झोप लागली नसती मला. मी कागदपत्रं, दागिने आणि खर्च मागितला. आणि अर्ज कुठे करायचा तर तुम्ही तात्पुरत्या जिथे राहता तिथेही चालतो, म्हणून ताईच्या घराजवळच्या कोर्टातच केला, नाहीतर प्रत्येक तारखेला त्याच्या गल्लीतून जावं लागलं असतं.

कायद्यात लिहिलंय पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा. हे वाचून मी कॅलेंडरवर खूण करून ठेवली होती, हसू येतं आता. कलम २३ खाली आम्ही लगेच एकतर्फी इंटरिम मागितला होता, म्हणजे समोरच्याला न ऐकताच तात्पुरता आदेश. जज साहेबांनी कागद पाहिले, म्हणाले आधी नोटीस जाऊ दे. मी खाली मान घालून बाहेर आले, जिन्यात रडले. वकील मॅडम म्हणाल्या एकतर्फी मिळतो कधी, नाही मिळत कधी, म्हणून केस पडली असं नसतं.

नोटीस. नोटिशीने आमचे सहा आठवडे खाल्ले. पहिल्यांदा घराला कुलूप असा शेरा, दुसऱ्यांदा सासूबाईंनी तो इथे राहतच नाही म्हणून सांगितलं. शेवटी तो जिथे नोकरी करतो तिथे बजावली, तसं करता येतं नियमाने, आधीच का नाही केलं कोण जाणे. या काळात ई-कोर्ट्सच्या ॲपवर आपला सीएनआर, म्हणजे केसचा नंबर टाकून रोज बघायचे मी, जसं काही रोज बघितल्याने तारीख अलीकडे येणार होती.

कोर्टात जाऊन बसायचं म्हणजे काय हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. अकराला बोलावलं तरी पुकारा दोन वाजता होतो. कॉरिडॉरमध्ये एकच बाक, त्याच्या एका टोकाला मी आणि ताई, दुसऱ्या टोकाला तो आणि सासूबाई, मधे एक म्हातारे गृहस्थ डबा खात बसलेले. तो माझ्याकडे बघत नव्हता, फोनवर खेळत होता, आणि तरी माझे तळहात ओले. पट्टेवाल्याने नाव असं पुकारलं की मला कळलंच नाही माझं आहे, ताईने ढकललं. आत गेल्यावर दीड मिनिट. त्यांच्या वकिलांनी से, म्हणजे लेखी उत्तर, दाखल करायला मुदत मागितली, मिळाली, पुढची तारीख. ताईने त्या दिवसाची रजा टाकली होती.

त्यांचा से आला तो मी रात्री वाचला, हे मात्र करू नका, दिवसा वाचा आणि कुणीतरी शेजारी असताना वाचा. मी मानसिक रुग्ण आहे, माझं बाहेर कुणीतरी आहे, मुलीकडे लक्ष नव्हतं, स्वतःच्या मर्जीने घर सोडलं. मुद्देसूद, नंबर घालून, टाईप केलेलं. वकील मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "अहो, प्रत्येक केसमध्ये हेच चार परिच्छेद असतात, नावं बदलतात फक्त." खोटं कसं बोलू, याने बरं वाटलं मला.

मधे कोर्टाने समुपदेशनाला पाठवलं. आम्ही एकेकट्याने बोलायला सांगा अशी विनंती केली, तसं झालं. त्यानंतर त्यांच्याकडून प्रस्ताव आला, स्टॅम्प पेपरवर लिहून देतो पुन्हा हात लावणार नाही, केस मागे घ्या. आई पण फोनवर म्हणाली लिहून देतोय ना मग. आईवर रागावले नाही, तिने आयुष्यभर न लिहून घेता काढलंय. पण स्टॅम्प पेपर मोडला तर मी काय करणार होते, परत त्याच टेबलासमोर जाऊन एनसी? मागे घेतली नाही.

अर्ज केल्यापासून साडेचार महिन्यांनी इंटरिमवर सुनावणी झाली. दोघांनी मालमत्ता आणि उत्पन्नाची ॲफिडेव्हिटं द्यायची असतात, २०२० पासून सक्तीचं आहे ते, त्याने पगार निम्मा दाखवला होता. वकिलांचं बोलून झाल्यावर जज साहेबांनी मला पुढे बोलावलं आणि विचारलं, "आता तुम्ही वेगळ्या राहता. मग आज भीती कशाची आहे?" मी पाठ केलेलं सगळं विसरले. सांगितलं की मागच्या महिन्यात तो शाळेत जाऊन मुलीला मधल्या सुट्टीत घेऊन गेला होता, शाळेने सोडलं कारण तो वडील आहे, आणि तीन तास मला माहीत नव्हतं ती कुठे आहे. ती तेव्हा सहा वर्षांची. तीन तासांनी त्यानेच आणून सोडली आणि मला म्हणाला, बघ, किती सोपं आहे. साहेब काही बोलले नाहीत. स्टेनोकडे वळून सांगायला लागले आणि मला शाळेचा पत्ता ऐकू आला, पूर्ण पत्ता, पिनकोडसकट.

ऑर्डर मिळाली. खर्चाचा आकडा मागितल्यापेक्षा बराच कमी, पण संपर्क, ऑफिस, शाळा, मावसभाऊ सगळं जसंच्या तसं. कॉपी दोन्ही पक्षांना आणि पोलीस स्टेशनला फुकट द्यायची असते. तरी तुम्ही स्वतः एक कॉपी घेऊन पोलीस स्टेशनला जा आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. मी गेले तेव्हा आमच्याकडे काही आलेलंच नाही असं उत्तर होतं, तिसऱ्या फेरीला शिक्का मिळाला. एक प्रत शाळेच्या मुख्याध्यापिकांना दिली, एक ऑफिसच्या सिक्युरिटीला, एक माझ्या ड्रॉवरमध्ये.

कागदपत्रं आणायला पीओ मॅडम आणि एक महिला कॉन्स्टेबल बरोबर आल्या. सासूबाई कपाटाला पाठ लावून उभ्या. कॉन्स्टेबल म्हणाली, "मावशी, बाजूला व्हा, माझी ड्युटी संपते सहाला." आणि त्या खरंच बाजूला झाल्या. मार्कशीटा मिळाल्या, दागिन्यांतलं निम्मं मिळालं, पीओ मॅडमनी तिथेच उभं राहून यादी केली आणि सह्या घेतल्या. लेकीचा रंगाचा डबा राहिला, ते घरी आल्यावर लक्षात आलं.

एकोणीस दिवसांनी तो ऑफिससमोर आला. गाडी लावून, काच खाली करून बसला, शिव्या नाहीत काही नाही. त्याच संध्याकाळी मावसभावाच्या नंबरवरून मेसेज, "तो म्हणतोय शेवटचं एकदा बोल." गेटचं फुटेज सिक्युरिटीने काढून दिलं, मेसेजचा स्क्रीनशॉट मी काढला, फोन मात्र तसाच ठेवला कारण मूळ मेसेज त्यातच आहे आणि कोर्टात अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीला सर्टिफिकेट लागतं. पोलीस स्टेशनला तेच टेबल, साहेब दुसरे. "नुसता बसला होता ना?" मी ऑर्डरचा परिच्छेद दोन त्यांच्यासमोर ठेवून बोटाने दाखवला. त्यांनी वाचलं, परत वाचलं, शिक्क्याची तारीख बघितली आणि आतून रायटरला, म्हणजे तक्रार लिहून घेणाऱ्याला, हाक मारली. कलम ३१, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्याला कोर्टातून जामीन मिळाला, मिळतोच, पण आत दोन रात्री काढल्या त्याने. त्यानंतर आजपर्यंत गेटवर गाडी नाही, मावसभावाने मला ब्लॉक केलंय.

मूळ अर्ज अजून चालूच आहे, साठ दिवस कधीच होऊन गेले. पुढच्या तारखेला माझी उलटतपासणी आहे. एक्सरेच्या कागदाला निशाणी, म्हणजे कोर्टाचा पुराव्याचा नंबर, पडलीय आणि पहिला प्रश्न त्यावरच येणार असं वकील मॅडम म्हणतात, म्हणून काल परत वही काढली. लेक शेजारी चित्र काढत होती, नवीन रंगाचा डबा. तिला सांगितलंय की मला कोर्टात काम असतं, तर तिने शाळेत बाईंना सांगितलंय की माझी आई कोर्टात कामाला आहे.